मोजून विणलं, तरी स्वेटर मापाला का येत नाही?

आधी लक्षणं बघू. यातलं एक जरी तुमच्या हातातल्या कामात दिसत असेल, तर सुया खाली ठेवा आणि उसवायला अजिबात घेऊ नका.

- तुकडा बॉर्डरपाशी ३३ सेंमी रुंद, आणि मुंढ्यापाशी पोचेपर्यंत ३७. सुपासारखा फाकत गेलेला.
- पाठ आणि पुढचा भाग सारख्याच टाक्यांवर घातला, तरी एकमेकांवर ठेवल्यावर एक मोठा.
- एक बाजू सरळ, दुसरी तिरकी. मध्येच कुठेतरी एक बारीक भोक.
- सुलट बाजूने आडवे पट्टे दिसतात. कधी घट्ट-सैल विणीचे, कधी चक्क रंगाचे.
- सगळं छान जमलं, पण गळा डोक्यातून जात नाही.
- कडा सुरळीसारख्या गुंडाळतात.
- विणून झाला तेव्हा मापात होता. धुतल्यावर लोंबला, किंवा आक्रसला.

दिवाळी आटोपली की माझ्याकडे बिघडलेल्या विणकामाच्या पिशव्या यायला लागतात. संक्रांतीपर्यंत हा सिलसिला चालतो, आणि कुणाकडे बाळंतपण असेल तर भर उन्हाळ्यातही. बाळंतविड्यात दुपटी-झबली विकतची चालतात, पण टोपडं, मोजे आणि स्वेटर आजीच्या हातचाच हवा, असा अजून पुष्कळ घरांतून आग्रह आहे. पिशवी उघडताना येणारी बाई एकच वाक्य बोलते, "काकू, माझा हातच बिघडलाय हो." पंचवीसेक वर्षं मी हे ऐकते आहे. हात बिघडलेला फार क्वचित निघतो. बहुतेक वेळा वाढलेले टाके, चुकीची सुई किंवा भलताच धागा निघतो, आणि हे तिन्ही दहा मिनिटांत, एक पैसा न खर्चता सापडतं. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या फुकटच्या आहेत, उसवणं सगळ्यात शेवटी.

सुईवरचे टाके मोजा

हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. गेल्या थंडीत खालच्या मजल्यावरची सूनबाई तिच्या पुतण्याच्या स्वेटरची पाठ घेऊन आली. ७२ टाक्यांवर सुरू केलेली. डावी कड सरळ, उजवी बाहेर पळालेली. दोन दिवस तिने "घट्ट विण, घट्ट विण" असं स्वतःला बजावत विणलं होतं, त्यामुळे वरचा भाग फाकलेला आणि शिवाय पुठ्ठ्यासारखा ताठ. मी सुई हातात घेतली आणि मोजले. ७९ निघाले. सात टाके कुठून आले हे तिला कळेना. मी तिला एक ओळ माझ्यासमोर विणायला सांगितली, आणि पहिल्याच टाक्याला चोर सापडला.

ओळ उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे ओढला, की पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन वेगळे टाके असल्यासारखे सुईवर बसतात. आपण भाबडेपणाने दोन्ही विणतो. झाला एक टाका जास्त. धागा नेहमी सुईच्या खालून मागे न्या आणि पहिला टाका विणण्याआधी तो खाली हलकेच ओढून बघा. एकच टाका आहे की दोन ते लगेच दिसतं. तिची उजवी कडच का पळाली होती? कारण ही चूक ती फक्त सुलट ओळीला करत होती. उलट ओळीला धागा आपसूक पुढे येतो, तिथे चूक होत नव्हती.

टाके वाढायची दुसरी जागा म्हणजे बॉर्डर. एक सुलट एक उलट विणताना धागा सुयांच्या मधून पुढे-मागे करावा लागतो. टीव्हीवर मालिका चालू असली की एखादा फेरा राहतो, धागा सुईवरून जातो आणि फुकटचा वेढा बसतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली जाळीचं भोक राहतं. तो वेढा पुढच्याच ओळीत दिसला, तर नुसता सुईवरून सोडून द्या. तेवढा जादा धागा शेजारच्या टाक्यांत जिरतो.

तिसरी जागा फाटलेला धागा. सैल पिळाच्या लोकरीत सुईचं टोक धाग्याच्या मधून घुसतं आणि एका टाक्याचे दोन होतात. असा धागा असेल तर टोकदार सुई वापरू नका, थोडी बोथट बरी.

एक बाजू लांब आणि मध्ये भोक, हे लक्षण मात्र वेगळं आहे. त्यात टाके बरोबर भरतात. अर्ध्या ओळीत फोन आला, काम ठेवलं, परत घेताना उलट्या बाजूने सुरुवात झाली, असं घडलेलं असतं. एका बाजूला दोन ओळी जास्त पडतात. काम उचलताना ज्या सुईच्या टोकाला गुंड्याचा धागा लोंबतोय ती सुई उजव्या हातात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. मी तर अर्ध्या ओळीत उठतच नाही. दूध उतू गेलं तरी ओळ पूर्ण करते.

टाके कमी भरले तर सुटलेला टाका शोधा आणि पहिल्यांदा त्यात सेफ्टी पिन अडकवा. दुरुस्ती मागाहून. पिन अडकवली की शिडी पुढे उतरत नाही. मग सुलट बाजू समोर धरून क्रोशाच्या सुईने, सगळ्यात खालच्या आडव्या धाग्यापासून एकेक पायरी वर चढवत आणा. लोकरीचा टाका बराच वेळ जागच्या जागी बसून राहतो. सुती आणि गुळगुळीत धाग्याचा तुमच्या डोळ्यांदेखत पाच ओळी खाली घसरतो, म्हणून तिथे घाई करा.

आता वाढलेल्या टाक्यांचं काय करायचं? एक-दोन असतील आणि पंधरा-वीस ओळींपूर्वी वाढले असतील, तर मी उसवत नाही. कडेपासून दुसऱ्या-तिसऱ्या टाक्याला दोन एकत्र विणून संख्या बरोबर करते. तो भाग जोडणीत किंवा काखेखाली जातो, कुणाच्या बापाला कळत नाही. सात असतील तर उसवावंच लागतं. यापुढे दर वीस टाक्यांना रंगीत दोऱ्याचा एक छोटा फासा सुईवर अडकवा. ७९ टाके मोजण्यापेक्षा वीस-वीसचे गट बघणं सोपं, आणि कोणत्या गटात गडबड आहे तेही तिथल्या तिथे कळतं.

टेप लावण्याची पद्धत बघा

सुईवर असलेला तुकडा सुईपाशी मोजू नका. तिथे टाके दाटीने बसलेले असतात. मांडीवर मोजू नका, मांडी गोल असते. टेबलावर किंवा फरशीवर तुकडा सपाट पसरा, ताणू नका, आणि बॉर्डर व सुई या दोन्हींपासून चार-पाच सेंमी दूर मोजा. दोन बाह्या किंवा कार्डिगनचे दोन पुढचे भाग टेपने जुळवायचेच नाहीत, ओळी मोजायच्या. टेप हलतो. आज ताणून धरला, उद्या सैल. ओळी जितक्या आहेत तितक्याच राहतात. माझ्याकडे येणाऱ्या "लहान-मोठ्या" बाह्यांपैकी निम्म्या तरी ओळी मोजल्यावर सारख्या निघतात, किंवा नेमक्या चार ओळींनी कमी.

सुईचा नंबर, आणि कोणाच्या देशातला नंबर

ही तपासणीही फुकट आहे, आणि हल्ली सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे दुकानात मागतो तो जुना ब्रिटिश नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिमी, आणि त्यांची १० नंबर चक्क ६ मिमी. म्हणजे यूट्यूबवरच्या अमेरिकन बाईने १० नंबर म्हटलं आणि तुम्ही आपल्या दुकानातली १० नंबर आणली, तर तुमची सुई तिच्या सुईच्या जेमतेम निम्मी जाड आहे. मग स्वेटर मापाला कसा येणार? मुलगी परदेशात असेल आणि तिने तिकडून सुया किंवा नमुन्याचं पुस्तक पाठवलं असेल, तर नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईच्या टोपीवर तो बहुतेक छापलेला असतो. पुसला असेल तर ओळखीच्या सुईने जाड पुठ्ठ्याला भोक पाडा आणि दुसरी त्यातून घालून बघा. अडकली किंवा डुगडुगली की कळलं.

आणखी दोन गोष्टी. बॉर्डर १० ने आणि अंग ८ ने विणायचं असतं. बॉर्डर संपल्यावर सुई बदलायची राहून जाते, आणि पाठीला बदलली असेल व पुढच्या भागाला विसरली असेल तर दोन्ही भागांच्या रुंदीत फरक पडलाच. दुसरी गोष्ट, दोन्ही सुया हातात उभ्या धरून टोपीपाशी नीट बघा. डब्यात सासूबाईंच्या, आईच्या, स्वतःच्या अशा तीन पिढ्यांच्या सुया मिसळलेल्या असतात. एक ८ ची आणि एक ९ ची, रंग सारखा, अशी जोडी मी स्वतः एक अख्खा शिशिर वापरली आहे. एक ओळ सैल, एक घट्ट, आणि मी दोष देत होते लोकरीला.

सुई कशाची आहे यानेही फरक पडतो. ॲल्युमिनियमवर टाका सरकतो, बांबूवर किंचित धरून राहतो. मुंबईच्या दमट हवेत घामट हातांनी ॲल्युमिनियमच्या सुईवर लोकर चिकटत चालते आणि वीण नकळत घट्ट होते. तीच बाई नाशिकला माहेरी जाऊन विणते तेव्हा सैल. म्हणून एक स्वेटर एकाच जोडीवर संपवा.

लेबल काढा, कचऱ्यातून का होईना

रंगाचा पट्टा दिसत असेल तर इथेच उत्तर आहे. प्रत्येक गुंड्याच्या लेबलावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक असतो. रंग तोच, पण कढई वेगळी. दुकानात ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, घरी खिडकीशी लख्ख दिसतो. लॉट वेगळे निघाले आणि जास्त लोकर आता मिळत नसेल, तर दोन गुंडे आलटून पालटून घ्या, दर दोन ओळींना एक. पट्टा नाहीसा होत नाही, पण कापडभर पसरतो आणि डोळा फसतो. किंवा वेगळ्या लॉटचा गुंडा फक्त बाह्यांना आणि गळपट्टीला वापरा. लोकर घेताना एक गुंडा जास्तच घ्या, न उघडलेला परत घेणारा दुकानदार शोधून ठेवा.

मग धागा कशाचा ते बघा. आपण मराठीत सरसकट सगळ्याला लोकर म्हणतो आणि घोळ होतो. लुधियानाहून येणारे, गल्लीतल्या दुकानात टांगलेले चकचकीत गुंडे पुष्कळदा ॲक्रिलिक असतात. ॲक्रिलिक वाईट नाही. लहान मुलाच्या रोजच्या स्वेटरला मी तेच सुचवते, कारण ते टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं, आणि कसर लागत नाही. पण ते लोकरीसारखं वागत नाही, एवढं ठाऊक हवं. लोकरीला अंगची लवचीकता असते, ताणलेला टाका परत येतो. धुतल्यावर ओल्या लोकरीला टेबलावर हाताने आकार दिला तर ती तो धरते, आणि विणीतली थोडीफार घट्ट-सैलही त्यात निवळते. ॲक्रिलिक ओलं असताना असं काही ऐकत नाही. विणताना जे झालं ते झालं. म्हणून नवशिक्या हाताला खरी लोकर उलट जास्त माफ करते, महाग असली तरी.

सुती धागा ताणला की परत येत नाही, आणि वजनाला जड. कोकणात-मुंबईत बाळासाठी सुती स्वेटर छानच, पण लांबी दोन-तीन सेंमी कमी विणा, तो वापरून लोंबणारच. बॉर्डरसाठी दोन नंबर बारीक सुई घ्या, नाहीतर कंबरेची पट्टी चार दिवसांत सैल पडते. व्हिस्कोस, म्हणजे बाजारात "बांबू" म्हणून मिळणारा मऊसूत धागा, तर सुतीपेक्षाही लोंबतो. हात लावल्यावर मोह होतो. शाल करा त्याची, स्वेटर नको.

लेबलच नसेल तर जाळून बघायची जुनी परीक्षा आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळा, खिडकी उघडी ठेवून. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. सुती धागा कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळतं आणि काळी टणक गोळी राहते. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चटका जबर बसतो, म्हणून चिमटा. मिश्र धागा असेल तर दोन्हींची लक्षणं एकत्र दिसतात आणि ही परीक्षा गोंधळवते.

लेबलावरचा "४ प्लाय" हा आकडा जाडी सांगतो असं समजू नका. तो पेडांची संख्या सांगतो, आणि पेड जाड-बारीक असू शकतात. नमुन्यातली लोकर बदलून दुसरी घ्यायची असेल, तर १०० ग्रॅममध्ये किती मीटर भरतात ते दोन्ही लेबलांवर जुळवा. तेही नसेल तर दोन्ही धागे पट्टीवर शेजारी-शेजारी, न ताणता, दोन-दोन सेंमी गुंडाळा आणि वेढे मोजा. ज्याचे वेढे कमी तो जाड.

टाक्याचा चेहरा

इथवर सगळं ठीक निघालं, तर आता हाताकडे वळायचं. सुलट बाजू उजेडात धरून एक टाका जवळून बघा. चांगल्या टाक्याचे दोन पाय उघडे असतात, इंग्रजी व्ही सारखे. पाय एकमेकांवर चढलेले दिसले, मांडी घातल्यासारखे, तर टाका पिळलेला आहे. असं कापड घट्ट होतं, कमी ताणतं, आणि मोजून घातलेले टाके असूनही अरुंद येतं. एक ओळ मांडी घातलेली आणि एक उघडी असेल, तर उलट ओळीत तुम्ही धागा सुईच्या खालून वर घेताय. वरून खाली घ्या. हाताला वर्षानुवर्षांची सवय असेल आणि बदलवत नसेल, तर उलट ओळ तशीच विणा, आणि सुलट ओळीत टाक्याच्या पुढच्या पायाऐवजी मागच्या पायातून सुई घाला. माझी आई जन्मभर अशीच विणायची, तिचे स्वेटर कुणी नावाजायचं राहिलं नाही.

आडवे पट्टे असतील आणि टाके उघडेच असतील, तर उलट बाजूने कापड बघा. दोन-दोन ओळींच्या जोड्या आणि मध्ये फट दिसते का? बहुतेकांची उलट ओळ सुलटपेक्षा सैल असते. उपाय गंमतीचा आहे. मघाशी ज्या बेमेळ जोडीला नावं ठेवली तीच मुद्दाम वापरा. टाक्याचं माप उजव्या हातातली सुई ठरवते. म्हणून सुलट ओळ ८ ने, उलट ओळ ९ ने पडेल अशी जोडी लावा. उलटी लावली तर दुखणं दुप्पट होतं, ते मी भोगलेलंच आहे.

धुतलेला नमुना

पुढचा स्वेटर सुरू करण्याआधी नमुन्याचा एक छोटा चौकोन विणून बघा. आत्ताचा बिघडलेला असेल तर तोच तुमचा नमुना. १० सेंमीचा चौकोन मोजायचा, तर विणायचा १५ चा, कारण कडेचे टाके खोटं सांगतात. मग तो स्वेटर जसा धुणार तसाच धुवा, वाळवा आणि मधले १० सेंमी मोजा.

एक हिशेब करून दाखवते. पुस्तकात १० सेंमीला २२ टाके दिलेत आणि तुमच्या चौकोनात २४ येतात. दोन टाक्यांनी काय बिघडतं? ७२ टाके २२ च्या हिशेबाने ३२.७ सेंमी होतात, २४ च्या हिशेबाने ३०. पाठ आणि पुढचा भाग मिळून छातीत साडेपाच सेंमीच्या आसपास घट झाली. दोन वर्षांच्या मुलाचा स्वेटर वर्षाच्या मुलाचा झाला. २४ येत असतील तर एक नंबर जाड सुई घ्या, म्हणजे आपल्या पद्धतीत ८ च्या जागी ७. २० येत असतील तर बारीक. "जरा सैल विणीन" असं ठरवू नका. चार ओळींनंतर हात आपल्या वाटेला जातो.

कडा गुंडाळणं

हा दोष नाहीच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं साधं कापड बाजूंनी मागे आणि वर-खाली पुढे वळतंच, ती विणीची रचना आहे. पाणी मारून, उशीखाली दाबून काही होत नाही. कडेला चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवा, खालून बॉर्डर घाला. मफलरला साधी वीण घेऊच नका.

गळा

आता थोडं उघडण्याचं काम. गळा जात नसेल तर नव्वद टक्के दोष टाके बंद करताना आवळलेल्या धाग्याचा असतो, आणि तेवढीच एक ओळ सोडून दुरुस्त होतो. बंद केलेली कड उसवा, टाके परत सुईवर घ्या, आणि दोन नंबर जाड सुईने बंद करा. तरी पुरेना, तर असं करा: दोन टाके मागच्या पायांतून एकत्र सुलट विणा, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर ठेवा, पुन्हा दोन एकत्र. ही कड चांगली ताणते.

बाळाच्या बाबतीत मात्र कड कितीही सैल केली तरी भागत नाही, कारण बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी, वर्षाच्या मुलाचा ४५-४६. गळा ताणून एवढा व्हायला हवा, आणि आईला रडणारं मूल धरून तो घालायचा असतो. एका खांद्याला जोड न देता दोन-तीन बटणं लावा. झालेल्या स्वेटरचाही एक खांदा उसवून हे करता येतं. बटणं चपटी, पक्की शिवलेली, आणि बाळाच्या कपड्याला गळ्यात बांधायचे गोंडे-नाड्या नकोत.

धुतल्यावर बिघडलं असेल

ॲक्रिलिकला गरम इस्त्री किंवा वाफ लागली की ते मऊ पडून लुळं होतं, आणि ते परत येत नाही. शालीला हे मुद्दाम करतात, स्वेटरच्या बॉर्डरला झालं तर बॉर्डर गेली. नवी विणा.

लोंबलेला स्वेटर बहुतेक वेळा वलणीवर टाकल्याने लोंबतो. पाण्याचं वजन खाली ओढतं. पुन्हा भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा, पिळू नका, आणि सपाट पसरून हाताने मापाला आणा. खरी लोकर बऱ्यापैकी परत येते. सुती आणि व्हिस्कोस येत नाहीत.

आक्रसलेल्या लोकरीचं दुःख मला चांगलं ठाऊक आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या मुलासाठी मी शुद्ध लोकरीचा स्वेटर पाठवला, वेणीची वीण, दीड महिना लागला. पहिल्याच धुण्याला तो तिकडच्या वॉशिंग मशीनमधून ड्रायरमध्ये गेला. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ऊब, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड जाड, घट्ट, लहान होतं. आपल्याकडे बुरणूस, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, करताना हेच मुद्दाम करतात. जेमतेम बोटभर आक्रसला असेल, तर कोमट पाण्यात थोडं केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास ठेवा आणि हळूहळू ताणून पिना लावून वाळवा, थोडा सैल पडतो. टाके दिसेनासे झाले असतील तर थांबा, ते परत येत नाही. तो स्वेटर सुट्टीत आला तेव्हा भाचसून ओशाळून गेली होती. मी त्याच्या गोल चकत्या कापल्या. अशा कापडाचा धागा सुटत नाही. गेली चार वर्षं आमचं चहाचं पातेलं त्यावर ठेवते. परदेशात पाठवायचं असेल तर ॲक्रिलिक घ्या, किंवा लेबलावर सुपरवॉश लिहिलेली, म्हणजे मशीनमध्ये न आक्रसणारी लोकर. तीही धुतल्यावर थोडी वाढते, म्हणून तिचा नमुना धुतल्याशिवाय मोजू नका.

उसवायचंच ठरलं तर

सुई काढून सरसर ओढू नका. जिथपर्यंत काम बरोबर आहे त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्या. मग ओढा, उसवणं दोऱ्यापाशी थांबतं. निघालेला धागा कुरळा असतो, तो तसाच विणला तर टाके वेडेवाकडे पडतात. त्याची लडी करा, कोमट पाण्यात भिजवा, वाळवा, मग गुंडा करा. केसाळ मोहेअर मात्र उसवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, केस एकमेकांत गुंततात आणि धागा तुटतो.

इथे हात आखडा

लोकरीला कसर लागून भोकं पडली असतील तर घरी टाके घालू नका. कपडा वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि रफूगाराकडे न्या. काश्मिरी शाल किंवा पश्मीना असेल तर एका भोकासाठीसुद्धा तोच, तिला क्रोशाची सुई लावायची नाही. मशीनवर विणलेल्या बारीक स्वेटरची शिडी उतरली असेल तर तीही रफूचीच. वेणीच्या विणीत दहा ओळी खाली चूक असेल आणि तुम्ही वेणी पहिल्यांदाच घालत असाल, तर ऑर्डरी घेणाऱ्या विणकाम करणाऱ्या बाईला दाखवा, फक्त तेवढे टाके खाली सोडून परत चढवायचं काम तिला तासाभराचं असतं. विणलेल्या कपड्याला कात्री लावून लहान करायचा सल्ला कुणी दिला, तर ॲक्रिलिक आणि सुतीला तो मुळीच ऐकू नका.

आणि विणताना अंगठ्यात, पहिल्या दोन बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर सुया ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुई बदलून, मनगटाला पट्टा बांधून स्वेटर पूर्ण करायची जिद्द धरलेल्या बायका मी पाहिल्यात. नंतर त्यांना महिनोन्महिने पोळ्या लाटता येत नव्हत्या.

कुणाकडेही मदतीला जाताना गुंड्याचं लेबल, दोन्ही सुया आणि किती टाक्यांवर सुरू केलं तो आकडा लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्या. आणि लाज वाटते म्हणून आधी उसवून नेऊ नका. बिघडलेला तुकडा समोर नसेल, तर तो कुठे बिघडला ते मलाही सांगता येत नाही.